अश्वारोहणाचे क्रीडाप्रकार

आमच्या विद्यार्थ्यांना घोडा दिसतो तो वरातीत, नाहीतर माळेगावच्या यात्रेतील घोडेबाजारात. ऑलिम्पिकमधील अश्वारोहण निराळे; तेथे स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात. ‘शो जंपिंग’मध्ये ठरल्या क्रमाने अडथळे ओलांडायचे, दांडी पडली की गुणदंड. ‘ड्रेसाज’मध्ये घोड्याची चाल, त्याची शांतता आणि स्वाराच्या सूक्ष्म खुणांना मिळणारा प्रतिसाद परीक्षक तोलतात. ‘इव्हेंटिंग’मध्ये या दोहोंना रानवाटेवरील दौडीची जोड असते, आणि तिन्ही परीक्षा एकाच घोड्यानिशी द्यायच्या. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत लष्करातील रघुबीर सिंग यांनी यात सुवर्ण जिंकले. पुढचे सुवर्ण २०२३ मध्ये हांगझोऊ येथे ड्रेसाज संघाने आणले.

आम्हांस ड्रेसाज विशेष जवळचे वाटते. केसी सुत्तात भगवान बुद्ध एका अश्वशिक्षकास घोड्याला वळण कसे लावतोस, असे विचारतात. मृदू उपायांनी, कठोर उपायांनी, कधी दोहोंनी, असे तो सांगतो. ड्रेसाजच्या रिंगणात मोल आहे ते मृदू उपायांना.

खेळ महागडा, हे खरेच. हांगझोऊचे स्वार युरोपात राहून शिकले. आमच्या मुलामुलींना खोगिरापर्यंत नेणारी परवडणारी वाट राष्ट्रीय छात्रसेनेच्या अश्वपथकांतून जाते. ही पथके बहुधा पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली असतात.