व्यवसाय-व्यवस्थापनाच्या शिक्षणाचें पहिलें सत्र

घरांतील मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली, पुढें एम्. बी. ए. करण्याचें ठरलें, फीसाठीं बँकेचें कर्जहि मंजूर झालें, आणि महाविद्यालय सुरू होऊन महिना लोटला कीं घरांत एक प्रश्न हमखास निघतो : तेथें शिकवितात तरी काय? वैद्यकाचा विद्यार्थी हाडांचीं नांवें घोकतांना दिसतो. कायद्याच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर जाडजूड ग्रंथ दिसतात. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याकडे पाहून तो नक्की कोणतें शास्त्र शिकत आहे याचा घरच्यांस बोध होत नाहीं. आजोबांना तर व्यापार ही शिकण्याची गोष्ट आहे हेंच मुळीं पटत नाहीं. व्यापार पेढीवर बसून येतो, बाकावर बसून नव्हे, असें त्यांचें मत. आणि तें अगदींच टाकाऊ आहे असें नाहीं.

हें मत बाजूस सारून व्यापाराच्या शिक्षणास विद्यापीठांत जागा मिळाली त्यास मात्र आतां शंभराहून अधिक वर्षें झालीं. अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठानें व्यवसायशिक्षणाची शाळा १९०८ सालीं काढली. मुंबईंत सिडनहॅम कॉलेज १९१३ सालीं निघालें. कलकत्ता व अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ च्या, आणि मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. पदवी दोन वर्षांची, सत्रें चार. त्यांपैकीं पहिल्या सत्राचाच विचार येथें करावयाचा आहे. कारण पुढील तीन सत्रांची इमारत त्यावर उभी राहते, आणि विद्यार्थी गोंधळतो तोहि बहुधा याच सहा महिन्यांत.

उदाहरणादाखल सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठानें २०१९ सालीं आंखलेला अभ्यासक्रम घेतां येईल. त्यांत पहिल्या सत्रास सहा मुख्य विषय होते : व्यवस्थापनासाठीं हिशेबशास्त्र, संस्थांतील मानवी वर्तन, व्यावसायिक निर्णयांसाठीं अर्थशास्त्र, संशोधनाच्या पद्धति, विपणनाचीं मूलतत्त्वें आणि डिजिटल व्यवसाय. विद्यापीठागणिक नांवें व क्रम बदलतात. गाभा बहुतेक ठिकाणीं असाच असतो. वर्गांत एका बाकावर इंजिनियर असतो, दुसऱ्यावर वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि तिसऱ्यावर मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. झालेली मुलगी. या तिघांस एका पातळीवर आणून सोडणें हें पहिल्या सत्राचें काम होय.

सर्वांत धास्ती वाटते ती हिशेबाची. वास्तविक रोजकीर्द, खतावणी, जमा, नांवें हे शब्द मराठी कानांस नवे नाहींत. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणीं नोंदण्याची जी द्विनोंदी पद्धति वर्गांत शिकवितात, तिचें विवरण फ्रान्सिस्कन पंथाचा साधु लुका पाचोली यानें १४९४ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या आपल्या गणितग्रंथांत केलें. शोध मात्र त्याचा नव्हे. इटलींतील व्यापारी ती पद्धत आधींपासूनच वापरीत होते. परंतु व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यास कारकुनी शिकावयाची नसते. मांडलेला हिशेब वाचतां यावा आणि त्यावरून निर्णय घेतां यावा, एवढेंच त्याच्याकडून अपेक्षित असतें. वाणिज्य शाखेच्या पदवीधरांची येथेंच फसगत होते. आपल्याला हें सर्व येतें अशा समजुतीनें ते निर्धास्त राहतात आणि सत्राअखेरीस ती बी. ए. झालेली मुलगी त्यांच्यापुढें निघून जाते.

एक कल्पित उदाहरण घ्यावें. एका बाईंनीं नोकरी सोडून मसाले तयार करून विकण्याचा धंदा सुरू केला. पदरचे २ लाख रुपये भांडवल म्हणून घातले. १ लाखाचें यंत्र घेतलें. तें पांच वर्षें चालेल असा अंदाज. वर्षभरांत मिरच्या, धने, खोबरें वगैरे माल २ लाख ४० हजारांचा लागला, आणि जागेचें भाडें व मदतनीस बायकांचे पगार मिळून १ लाख ४० हजार गेले. हा सर्व पैसा रोख द्यावा लागला. मसाला खपला ५ लाखांचा; पण दुकानदारांकडून वर्षअखेर हातीं आले २ लाख ९० हजार. बाकीचे २ लाख १० हजार उधारीवर राहिले.

आतां या बाईंनीं मिळविलें काय? गल्ला उघडून पाहिला तर त्यांत अवघे १० हजार. दोन लाख घेऊन निघालेल्या माणसाजवळ दहा हजार उरले, तेव्हां धंदा बुडाला, असें घरांतलें कोणीहि म्हणेल. हिशेबशास्त्र म्हणतें, १ लाख नफा झाला. विक्री ५ लाखांची. तींतून मालाचे २ लाख ४० हजार, भाड्यापगाराचे १ लाख ४० हजार, आणि यंत्राच्या झिजेपोटीं, म्हणजे घसाऱ्याचे, २० हजार वजा केले कीं नेमका १ लाख उरतो. ताळेबंद मांडला तरी तेंच. यंत्र आतां ८० हजारांचें, दुकानदारांकडून येणें २ लाख १० हजार, रोकड १० हजार. बेरीज ३ लाख. दुसऱ्या बाजूस मूळ भांडवल २ लाख आणि नफा १ लाख. पै-पैचा मेळ बसतो.

गल्ला खोटें बोलत नाहीं आणि ताळेबंदहि खोटें बोलत नाहीं. दोघे दोन वेगळ्या प्रश्नांचीं उत्तरें देतात. पण पुढच्या महिन्याच्या मालाला, भाड्याला आणि पगाराला ३० हजारांवर रुपये लागतील, आणि जवळ आहेत १०. दुकानदारांनीं आणखी महिनाभर टाळाटाळ केली तर लाखाचा नफा वहींत असूनहि बाईंस टाळें लावावें लागेल. नफ्यांतला धंदा रोकडीअभावीं मरतो तो असा. हें एक उदाहरण ज्याच्या गळीं नीट उतरलें त्याचा हिशेबाचा अर्धा अभ्यास झाला, असें खुशाल समजावें.

उरलेला अर्धा भाग खर्चाच्या स्वभावाचा. भाडें, पगार व घसारा मिळून १ लाख ६० हजारांचा खर्च मसाला विको वा न विको, होणारच. मालाचा खर्च मात्र विक्रीबरोबर वाढतो. दर १०० रुपयांच्या विक्रीस ४८ रुपये. म्हणजे शंभरामागें ५२ रुपये उरतात, त्यांतून तो ठराविक खर्च भागवावयाचा. या हिशेबानें सुमारें ३ लाख ८ हजारांची विक्री झाली कीं ना नफा ना तोटा. आतां एखाद्या उपाहारगृहानें १०० रुपयांचा मसाला ६० रुपयांस मागितला तर बाई संतापतील. हिशेब सांगतो, यंत्र आणि मदतनीस रिकामे बसले असतील तर त्यांतहि १२ रुपये पदरीं पडतात. नेहमींच्या गिऱ्हाइकांस ही किंमत कळली म्हणजे काय होईल, हें मात्र हिशेबाचें पुस्तक सांगत नाहीं.

अर्थशास्त्राचा तास सुरू झाला कीं याच बाईंच्या नफ्यावर पाणी पडतें. नोकरींत त्यांना दरमहा २५ हजार मिळत होते असें धरलें तर वर्षाचे ३ लाख त्यांनीं सोडले. ते त्यांनीं कोणास दिले नाहींत, म्हणून वहींत त्यांची नोंद नाहीं. पण एक मार्ग धरल्यानें दुसऱ्या मार्गावरचें जें हुकतें तोहि खर्चच, असें अर्थशास्त्र मानतें. त्या दृष्टीनें बाईंना १ लाख नफा नव्हे, २ लाख तोटा झाला. पुढल्या वर्षीं धंदा वाढेल, म्हणून तो चालवावा, असें कोणी म्हणूं शकेल. पण मग तसें स्पष्ट म्हणावें लागेल. उलट, यंत्रावर एक लाख घातले आहेत, आतां मागें कसें फिरावें, हा युक्तिवाद अर्थशास्त्राला मान्य नाहीं. गेलेला पैसा गेला. यंत्र आज विकून काय येईल एवढाच विचार खरा. लग्नाच्या खर्चापासून अर्धवट बांधलेल्या घरापर्यंत आपल्याकडे किती निर्णय या एका चुकीपायीं घेतले जातात! चतुर विद्यार्थी मग तोच नियम स्वतःस लावून पाहतो. एम्. बी. ए. चा खर्च म्हणजे केवळ फी आणि वसतिगृह नव्हे. दोन वर्षांचा न मिळालेला पगारहि त्यांत धरावा लागतो. नोकरी सोडून आलेल्या विद्यार्थ्यास हा हिशेब विशेष बोंचतो, आणि कर्जाचा अर्ज करण्यापूर्वींच तो घरांत मांडला जावयास हवा होता.

मागणी, पुरवठा, किंमत वाढविली तर गिऱ्हाईक किती तुटेल, मक्तेदारी व स्पर्धा, हे या विषयांतील इतर भाग. पदवीस अर्थशास्त्र घेतलेल्यांस ते ओळखीचेच वाटतात.

मानवी वर्तनाचा विषय सोपा समजून विद्यार्थी तो शेवटच्या आठवड्यावर टाकतात. त्यांत नेहमीं सांगितली जाणारी कथा शिकागोजवळील हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्याची. तेथें १९२४ ते १९३२ या काळांत प्रयोग झाले. प्रकाश कमीजास्त करून कामावर काय परिणाम होतो तें प्रथम पाहिलें. पुढें टेलिफोनचे भाग जोडणाऱ्या कांहीं मुलींस वेगळ्या खोलींत बसवून विश्रांतीच्या व कामाच्या वेळा बदलून पाहिल्या. हार्वर्डचे एल्टन मेयो यांचें नांव या प्रयोगांशीं कायमचें जोडलें गेलें. आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे, या भावनेनेंच काम वाढतें, असा निष्कर्ष पुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या छापला जात आहे. गोष्ट गोड आहे, पण ती जशीच्या तशी घेऊं नये. स्टीव्हन लेव्हिट व जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनीं प्रकाशाच्या प्रयोगाचे जुने आंकडे पुन्हा तपासून २०११ सालीं निबंध प्रसिद्ध केला. पुस्तकांतील त्या ठळक चमत्काराला आंकड्यांत फारसा आधार नाहीं, असें त्यांस आढळलें. मॅस्लोच्या गरजांच्या पायऱ्यांचेंहि तसेंच. १९४३ च्या त्याच्या निबंधांत गरजांचा क्रम आहे, परंतु प्रत्येक पाठ्यपुस्तकांत दिसणारा तो त्रिकोण नाहीं. तो मागाहून इतरांनीं काढला. चांगला शिक्षक हें सर्व सांगतो. परीक्षेंत मात्र त्रिकोणच काढावा लागतो, ही त्यांतली गंमत.

संशोधनपद्धतीचा विषय रूक्ष खरा, पण त्यांतील नमुना-निवडीचें प्रकरण लक्षपूर्वक वाचण्याजोगें आहे. १९३६ सालीं अमेरिकेंत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानें अध्यक्षाच्या निवडणुकीचा कौल आधीं अजमावण्यासाठीं सुमारें १ कोटी पत्रिका पाठविल्या. २० लाखांहून अधिक भरून आल्या, आणि त्यांवरून लँडन निवडून येणार असें भाकीत त्यानें केलें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट ४८ पैकीं ४६ राज्यांत विजयी झाले. नांवें निवडलीं होतीं टेलिफोनच्या व मोटारींच्या याद्यांवरून. मंदीच्या त्या दिवसांत हीं साधनें कोणाकडे होतीं हें उघड आहे. शिवाय उत्तर पाठविण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे एकाच मताचे नव्हते. जॉर्ज गॅलप यांनीं त्याहून पुष्कळ लहान, पण नीट निवडलेल्या नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकतील असें आधींच सांगितलें होतें. मसाल्याच्या बाईंनीं आपल्या ओळखीच्या चाळीस घरीं चव विचारली आणि सर्वांनीं ती उत्तम म्हटली, यांतून त्यांना कितीसें कळलें, हें विद्यार्थ्यानें आतां सांगावयाचें असतें.

विपणन म्हणजे जाहिरात, हा समज पहिल्या पंधरवड्यांत दूर होतो. वस्तु, किंमत, वितरण आणि प्रसिद्धि ही चौकट जेरोम मॅकार्थी यांच्या १९६० च्या पुस्तकापासून रूढ झाली. ती उपयुक्त आहे, पण पाठ करणें फार सोपें असल्यानें तीवरच भागविण्याकडे कल होतो. खरें कठीण काम तिच्या आधींचें : माल कोणासाठीं आहे हें ठरविणें, म्हणजेच कोणासाठीं नाहीं हें मान्य करणें. डिजिटल व्यवसायाचा विषय दर कांहीं वर्षांनीं शिळा होतो, म्हणून त्याचा विस्तार येथें नको.

या विषयांखेरीज एक अडचण अशी आहे कीं तिचा उल्लेख कोणत्याहि अभ्यासक्रमांत नसतो. पुस्तकें इंग्रजी, चर्चा इंग्रजी, दर आठवड्यास वर्गापुढें उभें राहून करावयाचें सादरीकरणहि इंग्रजी. तालुक्याच्या गांवाहून आलेल्या विद्यार्थ्यास वरील मसाल्याचा हिशेब चटकन कळतो, कारण उधारी त्यानें वडिलांच्या दुकानांत पाहिलेली असते; तोच हिशेब परक्या भाषेंत वर्गापुढें मांडतांना त्याचा घसा कोरडा पडतो. त्याला काय येतें हें पहिलें सत्र संपेतों पुष्कळदां कोणास कळतच नाहीं. ज्या महाविद्यालयांत शिक्षक पहिल्या महिन्यांत थोडी चर्चा मराठींत होऊं देतात, तेथें हा विद्यार्थी लवकर बोलूं लागतो. घरच्यांसहि येथें एक करण्यासारखें आहे : जेवतांना त्याला घसारा म्हणजे काय तें विचारावें, आणि तो मराठींत सांगूं लागला कीं मध्यें न बोलतां ऐकावें.

सत्राअखेरीस परीक्षा होते व दुसऱ्या सत्रांत अर्थव्यवस्थापन, मनुष्यबळ, उत्पादन व वितरण हे विषय येतात. दुकानदारांकडे अडकलेले २ लाख १० हजार वसूल होईपर्यंत बाईंनीं महिन्याचा खर्च कोठून भागवावा, हा प्रश्न अर्थव्यवस्थापनाच्या पुस्तकांत खेळत्या भांडवलाच्या प्रकरणांत सोडविलेला आहे.