वळणावर पाण्याखाली काय होतं?

जिंतूर तालुक्यातल्या येलदरी जलाशयाच्या तळाचं चित्र घ्यायचं आहे, असं समजा. त्यासाठी होडीमागे लांब केबलला माशाच्या आकाराचं सोनार यंत्र सोडता येतं. त्याच्या दोन्ही बाजूंनी ध्वनी निघतो आणि तळाची प्रतिमा उमटते. होडी सरळ जाते तोवर ठीक. घोटाळे होतात ते वळणावर.

सगळ्यांत पक्का गैरसमज म्हणजे, होडी वळली की यंत्र बाहेर फेकलं जाणार. होतं उलटंच. गंगाखेडच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली ट्रॅक्टरमागून वळताना आतला कोपरा कापते, तसंच हेही आत सरकतं. कारण मात्र वेगळं. पाण्याचा विरोध इथे जडत्वाला भारी पडतो. त्या विरोधाला पुरून उरायचं तर केबलने यंत्राला त्याच्या वाटेच्या दिशेने पुढे ओढायला हवं. वर्तुळावरून असं सरळ पुढे गेलं की आपण वर्तुळाबाहेर पोचतो. होडी असते ती तिथे, मोठ्या वर्तुळावर. यंत्र फिरतं लहान वर्तुळावर.

खरा धोका यातूनच येतो. होडी 40 मीटर त्रिज्येवर आणि यंत्र 20 मीटरवर फिरत असेल, तर यंत्राचा वेग निम्मा. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे तो उरला साधारण चौथा हिस्सा. उचलून धरणारी ओढ गेली, की यंत्र खाली बसतं आणि तळाच्या गाळात किंवा बुडालेल्या खोडात अडकतं. ‘वळणावर सावकाश’ हा रस्त्यावरचा शहाणपणा इथे महागात पडतो. वळण रुंद घ्यावं, वेग टिकवावा, आधीच थोडी केबल गुंडाळून घ्यावी.

यंत्र पुरेसं खोल जात नसेल तर ‘वजन वाढवा, प्रश्न मिटेल’ हेही अर्धसत्यच. 50 मीटर लांब, 1 सेंटीमीटर जाड केबल पाण्याला अर्धा चौरस मीटर आडवी येऊ शकते. 10 सेंटीमीटर व्यासाच्या यंत्राचं तोंड त्याच्या साठाव्या भागाएवढंही नसतं. लांब केबलच्या बाबतीत भांडण मुख्यतः केबलशीच असतं.

जीपीएसबद्दलही असाच गैरसमज असतो. ते होडीची जागा सांगतं, यंत्राची नव्हे. सरळ रेषेत केबलच्या लांबीवरून अंदाज बांधता येतो, वळणावर तो हिशेब कोलमडतो. प्रतिमेच्या ओळीही आतल्या बाजूला दाटतात, बाहेरच्या बाजूला विरळ होतात. म्हणून वळणावरची नोंद सहसा बाजूलाच ठेवतात.

पण वळण म्हणजे नुसतं नुकसान, असंही नाही. पाणबुडीचा माग काढायला नौदलाची जहाजं ध्वनिग्राहकांची लांबलचक माळ ओढतात. सरळ माळेला आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे कळत नाही. म्हणून जहाज दिशा बदलतं, माळ पुन्हा सरळ होईपर्यंत थांबावं लागतं. मग खऱ्या पाणबुडीची दिशा जवळपास तीच राहते आणि दुसऱ्या बाजूची खोटी दिशा जागा सोडते.