कोठाराची कार्यशाळा होते तेव्हा

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात पेनलँड ही हस्तकला शाळा आहे. ल्युसी मॉर्गन यांनी डोंगराळ भागातील स्त्रियांसाठी विणकामाचा उपक्रम चालवला. त्यातून १९२९ साली ही शाळा उभी राहिली. १९६३ साली संचालक बिल ब्राऊन यांनी कलाकारांनी तिथे राहून काम करण्याची योजना सुरू केली. त्यासाठी उपयोगी पडली ती शेतावरची जुनी कोठारे. या कार्यशाळांना आजही ‘द बार्न्स’ म्हणजे ‘कोठारे’ असेच म्हणतात.

गवतासाठी बांधलेल्या इमारतीत माणसांना काम करता येईल का? जुन्या पद्धतीच्या लाकडी कोठारात छपराचा भार खांब-तुळयांच्या सांगाड्यावर असतो, भिंतीच्या फळ्यांवर नसतो. म्हणून फळ्या काढून खिडकी बसवता येते. सांगाड्यातील तिरके आधार मात्र काढता येत नाहीत. ते काढले तर इमारत वाऱ्याने कलते.

खरी अडचण हवेची आहे. अशा कोठारांच्या फळ्यांत पुष्कळदा मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात. गवतात सुमारे २० टक्क्यांहून जास्त ओल राहिली, तर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांच्या श्वसनातून उष्णता निर्माण होते. गंजीतून ती सहज बाहेर पडत नाही. तापमान ७० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की बहुतेक सूक्ष्मजीव मरतात, पण रासायनिक ऑक्सिडीकरण चालूच राहते. कधीकधी गवत आपोआप पेट घेते! फटींतून वाहणारा वारा ही ओल वाहून नेतो.

कलाकाराला मात्र थंडीत ऊब हवी असते. फटी बुजवून भिंतीत उष्णतारोधक भरला की काय होते? श्वासातली आणि ओल्या मातीतली वाफ उबदार हवेबरोबर भिंतीत शिरते, थंड फळीच्या आतल्या बाजूला तिचे पाणी होते आणि लाकडाला बुरशी लागते. म्हणून थंड प्रदेशात वाफ अडवणारा थर भिंतीच्या उबदार बाजूला बसवतात आणि बाहेरच्या फळीमागे हवेसाठी पोकळी ठेवतात.

वर्गात हे सहज दाखवता येईल. स्टीलच्या पेल्यात बर्फ घाला आणि बाहेरून जमणारे थेंब विद्यार्थ्यांना पाहू द्या. हे पाणी कुठून आले, ते त्यांनाच विचारा.

रिकाम्या इमारतीचे गळके छप्पर कोणाच्या लक्षात येत नाही. वापरातल्या इमारतीचे लगेच येते. म्हणून नवा उपयोग जुन्या वास्तूला जगवतो. पण तिची मूळ रचना कशासाठी होती हे समजून न घेता केलेली दुरुस्ती तिला दुर्लक्षापेक्षाही लवकर संपवू शकते.