स्थानकांवरील पार्सल लॉकर : मतांचे मोजमाप कसे करावे?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई–आग्रा महामार्ग आणि नाशिक–पुणे रस्ता एकमेकांस मिळतात. ओझर, पिंपळगावकडून आलेला प्रवासी येथे उतरून नाशिकरोडचे वाहन धरतो. अशा वर्दळीच्या ठिकाणी किंवा बसस्थानकांवर पार्सल लॉकर बसवावेत काय, हा प्रश्न वरवर दिसतो तितका साधा नाही.

लॉकरची रीत सोपी आहे. पार्सल आणणारा ते कुलूपबंद कप्प्यात ठेवतो, घेणाऱ्याच्या मोबाइलवर सांकेतिक क्रमांक जातो आणि तो दाबताच कप्पा उघडतो. जर्मनीत डॉइश पोस्टने २००१ मध्ये डॉर्टमुंड व माइन्झ येथे याचा आरंभ केला. सिंगापूरने २०२१ पासून निवासी वसाहतींबरोबर वाहतूक स्थानकांजवळही असे कप्पे बसविले.

आता संबंधितांची मते पाहू. नोकरदारास घरी कुणी नसताना आलेले पार्सल परतीच्या वाटेवर हवे असते. कुरियरवाल्याच्या खेपा वाचतात. परिवहन संस्थेस जागेचे भाडे मिळते. याउलट, बंद कप्प्यात काय आहे ही पोलिसांची चिंता रास्त आहे. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये प्रवासाचे तिकीट आणि कुलूप लावलेले सामान यांचा आग्रह धरला जातो, तो उगाच नव्हे. स्थानकालगतचा दुकानदार ओळखीवर पार्सले ठेवून घेतो. त्याचा विरोध केवळ स्वार्थी म्हणून बाजूस सारणे योग्य ठरणार नाही, कारण मोबाइल नसलेल्या वृद्धाची नड तोच भागवितो.

येथेच खरी मेख आहे. हात वर करून मते मोजल्यास सभेस येऊ शकणाऱ्यांचेच पारडे जड होते. फलाटावरील जागा मात्र जाते ती आठवड्याच्या बाजाराला टोपली घेऊन आलेल्या बाईची, आणि ती सभेस येत नाही. म्हणून मत कोणाचे आहे यापेक्षा कोणावर किती भार पडतो आणि त्याला दुसरा मार्ग उपलब्ध आहे काय, हे आधी तपासावे. लाभ थोडा पण अनेकांना आणि त्रास मोठा पण मोजक्यांना, अशी स्थिती असेल तर त्रासाचे निवारण आधी व्हावे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम पाहता, चाकाच्या खुर्चीवरून हात पोहोचेल अशी उंची ही तर मताचा विषयच नाही.

द्वारका चौकातील भुयारी मार्गाचा अनुभव येथे उद्बोधक आहे. पादचाऱ्यांसाठी बांधलेला हा मार्ग त्यांनी फारसा जवळ केला नाही. वापरणाऱ्यांची चाल न जोखता केलेली सोय कशी पडून राहते, याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही.

ग्रामीण भागात तोल काहीसा बदलतो. वाडीपर्यंत कुरियर न पोहोचणाऱ्या शेतकऱ्यास पंपाचा सुटा भाग तालुक्याच्या एस. टी. स्थानकावर रात्री उशिरा मिळाला, तर एका दिवसाचे पाणी वाचते. ग्रामपंचायत सदस्यांनी ही गरज ग्रामसभेत नोंदवून आगारप्रमुखांकडे पाठवावी. निर्णय घेणाऱ्या कार्यालयानेही प्रथम काही महिन्यांपुरते मोजके कप्पे बसवावेत, आलेला प्रत्येक आक्षेप व त्यावरील उत्तर स्थानकाच्या सूचनाफलकावर मराठीत लावावे, आणि मुदत संपल्यावर कप्पे काढून टाकण्याची मोकळीक करारातच राखून ठेवावी.