दूरस्थ अभ्यासक्रमांतील लेखी चर्चा : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

'स्वयम्' या केंद्र शासनाच्या ऑनलाइन शिक्षणयोजनेचा आरंभ ९ जुलै २०१७ रोजी झाला. तीत प्रत्येक अभ्यासक्रमाची चार अंगे कल्पिलेली आहेत : चित्रित व्याख्यान, वाचनसामग्री, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. अशा अभ्यासक्रमांच्या श्रेयांकांची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये २० टक्के ठेवली होती. २०२१ च्या विनियमाने ती ४० टक्क्यांवर नेली. त्यामुळे देगलूर वा उदगीर येथे राहूनही दूरच्या अध्यापकाचे व्याख्यान ऐकता येते. पहिली तीन अंगे विद्यार्थ्यापुढे आयती येतात. चौथे मात्र त्याने स्वतः लिहिल्यावाचून अस्तित्वातच येत नाही, आणि नेमका तेथेच तो मौन धरतो.

या मौनाचे खापर आळसावर वा नेटवर्कवर फोडणे सोपे आहे. वस्तुतः कारण अधिक खोल आहे. आपल्या विद्यार्थ्याला दोन प्रकारच्या संवादांची सवय असते. तास संपल्यावर दाराशी गाठून तो म्हणतो, "सर, ते शेवटचं कळालं नाही." तेथे उरलेले वाक्य चेहरा, वही आणि फळ्याकडे गेलेले बोट पूर्ण करतात. दुसरा प्रकार परीक्षेतील उत्तराचा; ते ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे अशा परीक्षकासाठी लिहिलेले असते. आपण कोठे अडलो हे ज्याला मुळीच दिसत नाही, अशा वाचकाला लेखी प्रश्न विचारणे ही तिसरी विद्या होय. ती कोणत्याही वर्गात शिकविली जात नाही.

उदाहरणार्थ, संख्याशास्त्राचा विद्यार्थी "सहसंबंध समजला नाही" एवढेच लिहितो. यावर अध्यापकाने काय सांगावे? सारे प्रकरण पुन्हा सांगणे एवढेच त्याच्या हाती उरते. उलट, "पर्जन्यमान व सोयाबीनचे उत्पादन यांचा सहसंबंध गुणांक ०.८ आला, यावरून पाऊस हेच उत्पादनवाढीचे कारण असे म्हणता येईल काय? मला वाटते, बियाणे व खत यांचाही विचार हवा," असे लिहिले तर अडचण, केलेला प्रयत्न आणि स्वतःचा तर्क ही तिन्ही वाचकाच्या हाती येतात. येथे सहाध्यायीही उत्तर देऊ शकतो.

लिपीचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. मराठी रोमन अक्षरांत लिहिली म्हणजे कला, कळा, काळा आणि काला हे चारही शब्द बहुधा एकाच रूपात उतरतात. गप्पांत ते चालून जाते; परिभाषेत चालत नाही. भ्रमणध्वनीवर देवनागरी लिहिण्याचा सराव पहिल्या आठवड्यातच करून घ्यावा.

याहून नाजूक बाब बोलीची आहे. घरी "काय करायलास?" असे बोलणारा विद्यार्थी ते रूप चारचौघांत लिहिण्यास कचरतो. त्याच्या पहिल्याच प्रश्नातील व्याकरण सर्वांसमक्ष दुरुस्त केले, तर दुसरा प्रश्न सहसा येत नाही. अशा वेळी आधी आशयाला उत्तर द्यावे आणि शुद्ध रूप स्वतःच्या उत्तरात सहज योजावे. चाणाक्ष विद्यार्थी ते उचलतो.

मतभेदाच्या प्रसंगी आपल्या शास्त्रपरंपरेतील पूर्वपक्षाची रीत फार उपयोगी पडते. प्रतिपक्षाचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडावे, मग खंडन करावे. लेखी शब्दाला सूर नसल्यामुळे थट्टाही उपहास वाटते. अनोळखी सहाध्याय्याला 'तू' उद्धट आणि 'आपण' परके वाटत असल्याने 'तुम्ही' हेच संबोधन बरे.

गॅरिसन, अँडरसन व आर्चर या कॅनडातील अभ्यासकांनी २००० साली लेखी चर्चेच्या विवेचनात अध्यापकाच्या उपस्थितीला स्वतंत्र स्थान दिले. ही उपस्थिती म्हणजे प्रत्येक प्रश्नाला तत्काळ उत्तर नव्हे. त्याने चर्चा तेथेच संपते. एखादा दिवस सहाध्याय्यांसाठी सोडावा, परंतु प्रश्न अनुत्तरित राहू देऊ नये. लेखांच्या संख्येवर गुण ठेवण्याची प्रथा तर सर्वथा त्याज्य होय. तिच्यामुळे "छान माहिती, धन्यवाद" या तीन शब्दांच्या रांगा लागतात आणि खरा प्रश्न त्यांच्याखाली दडपून जातो.