शिक्का ओळखला, माणूस ओळखला का?

बंगळुरूच्या शिवाजीनगरात रसेल मार्केटच्या आसपासचा एखादा ठेकेदार सरकारी ई-टेंडर भरायला बसला, की आधी पेनड्राइव्हसारखं टोकन लॅपटॉपला लावतो आणि पिन टाकतो. त्यात त्याची डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं प्रमाणपत्र, असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 ने तिच्या सहीला कायद्याचं बळ दिलं. अशी प्रमाणपत्रं देणारी ईमुद्रा ही परवानाधारक कंपनी बंगळुरूचीच. शहाजीराजांच्या जहागिरीच्या शहरात 'मुद्रा' हे नाव मराठी कानाला लगेच ओळखीचं वाटतं.

अशाच प्रमाणपत्रावर वेबसर्व्हरही दारातच ओळख विचारू शकतो, पासवर्डाच्या आधी. जुन्या पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि शेवटी मोर्तब, खाली कोणी ओळ घुसवू नये म्हणून. इथे प्रमाणपत्र हा शिक्का. तो कुणालाही दाखवावा. मोर्तब होतं खाजगी किल्लीने, त्या क्षणी सर्व्हरशी झालेल्या संवादावर, आणि ती किल्ली टोकनाबाहेर येत नाही. म्हणून नुसत्या प्रमाणपत्राची नक्कल चोराच्या कामाची नाही.

इंजिन-एक्स या वेबसर्व्हरमध्ये याला दोन ओळी पुरतात: कोणत्या सीएवर, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेवर, विश्वास ठेवायचा ती फाइल, आणि तपासणी 'ऑन'. चुका त्यानंतर होतात. आपल्याकडे मुळाशी सीसीए या सरकारी नियंत्रकाचं रूट, खाली परवानाधारक कंपनी, बहुतेकदा तिच्याखाली सब-सीए, मग माणूस. इंजिन-एक्सची तपासणीची खोली मुळात 1 असते. ती वाढवली नाही तर खरा माणूसही परत जातो.

याहून गंभीर चूक उलट दिशेची. मोर्तब जुळलं की सर्व्हर शिक्का कुणी दिला एवढंच बघतो. सार्वजनिक सीएची फाइल लावून थांबलात, तर त्या सीएचं टोकन असलेल्या देशभरातल्या कुणालाही दार उघडं! कोणाला आत घ्यायचं ती यादी अ‍ॅप्लिकेशनने तपासलीच पाहिजे. फक्त आपल्या कर्मचाऱ्यांचं काम असेल तर कार्यालयाचं स्वतःचं सीए उभारावं, असं माझं ठाम मत आहे.

नोकरी सोडून गेलेल्याचं प्रमाणपत्र रद्द झालं, तरी सर्व्हरला ते आपोआप कळत नाही. रद्द प्रमाणपत्रांची यादी, सीआरएल, त्याला द्यावी लागते, साखळीतल्या प्रत्येक सीएची. तिची मुदत उलटली तर सगळेच बाहेर राहतात. म्हणून ती वेळेवर आणून रीलोड करण्याचं काम ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनकडे द्या. आणि पहिल्याच दिवशी रद्द केलेल्या प्रमाणपत्राचं एक टोकन लावून बघा. पडद्यावर 400 हा एरर दिसला पाहिजे.