मोकळ्या आभाळाची थंडी

ऑक्टोबरच्या मध्याला मोसमी पाऊस मराठवाड्यातून माघार घेतो. त्यानंतरही काही दिवस दुपारचं ऊन चटके देतच असतं. मग एखाद्या पहाटे अंगावरची चादर पुरेनाशी होते आणि घडवंचीवरची वाकळ खाली येते. जालना जिल्ह्यात बदनापूरपासून मंठ्यापर्यंत त्या दिवसापासून सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे लागतं, कारण आपल्याकडची थंडी आभाळाच्याच हातात असते.

दिवसभर तापलेली जमीन रात्रभर उष्णता वर सोडत असते. हवेत बाष्प आणि डोक्यावर ढग असले की त्यातली बरीच उष्णता परत खाली येते. कार्तिकात मात्र हवा कोरडी, आभाळ निरभ्र आणि रात्र लांब. उष्णता निघून जाते ती जातेच आणि सूर्योदयाच्या सुमारास पारा सर्वांत खाली असतो. उत्तरेकडचे वारे सुरू झाले की गारठ्यात भर पडते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन ढग आले की चार दिवस थंडी गायब. गार हवा जड असते, ती उतारावरून ओघळत सखल भागात साचते. त्यामुळे दुधना, कुंडलिका, पूर्णा यांच्या काठची शिवारं माळावरच्या गावांपेक्षा जास्त गारठतात आणि धुईही आधी तिथेच उतरते.

जिल्ह्याला ही थंडी हवी असते. गव्हाला फुटवे चांगले येतात ते गारव्यात. मोसंबीच्या बागायतदाराला तर ती हवीच. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्या आंबिया बहारासाठी या दिवसांत बागेचं पाणी तोडून झाडं ताणावर सोडतात. पाण्याचा ताण आणि थंडी मिळून झाडाची पालवी थांबवतात आणि अन्न फांदीत साठतं. पुढे पाणी सोडलं की फुलोरा भरून येतो. थंडी पडली नाही किंवा अवकाळी पावसानं ताण तुटला, तर फूट होते ती पाल्याची, आणि फळ आशेवरच राहतं. तुरीचं गणित वेगळं. तिला थंडी चालते, पण फुलोऱ्यात धुई धरली की फूल गळतं. म्हणून एकाच पहाटे शेजारच्या दोन बांधांवर एक जण खुशीत असतो, दुसरा चिंतेत.

हरभऱ्याची गंमत थोडी सावकाश सांगायला हवी. त्याच्या पानांवर बारीक केसांसारखी लव असते, तिच्यातून आंबट द्रव पाझरतो. त्याला आपण आंब म्हणतो. दव पडलं की ती दवात उतरते. जुनी माणसं रात्री स्वच्छ पांढरं फडकं हरभऱ्यावर अंथरायची, पहाटे ते पिळून आंब बाटलीत भरून ठेवायची आणि पोट दुखलं की थेंबभर पाण्यातून द्यायची. हरभऱ्यातून अनवाणी चालून आलेल्या पायांना जी चुरचुर होते, तीही याच आंबेची. शेंडे खुडून केलेल्या भाजीला जी चव असते ती बाजारातल्या कुठल्याच पालेभाजीला नाही, हे माझं ठाम मत आहे.

पीक थंडीत सुखावतं, पण त्याला पाणी देणारा माणूस सुखात नसतो. गव्हाचं पहिलं पाणी पेरणीनंतर सुमारे 21 दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना द्यायचं असतं. नोव्हेंबरच्या मध्याला पेरणी झाली तर हे पाणी येतं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, थंडी कडक होत असताना. शेतीपंपांची थ्री-फेज वीज येते पाळीपाळीनं, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी आणि फावडं घेऊन निघतो आणि दारं धरत घोटाभर गार पाण्यात उभा राहतो. बिळात पाणी शिरलं की उंदरामागे साप बाहेर पडतो, तोही अंधारातच. दिवसा वीज देण्यासाठी राज्यानं 2023 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आणला. ज्या फिडरवर सौर वीज पोहोचली, तिथल्या घरांतली बाई रात्री निवांत झोपते. या योजनेचं मोजमाप मेगावॉटइतकंच तिच्या झोपेवरूनही व्हायला हवं.

कापसाच्या वेचणीचं वेळापत्रकही दवच ठरवतं. सकाळी बोंडावर दव असतं आणि ओला कापूस वेचला तर तो गाठोड्यात तापून पिवळा पडतो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर 8 टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, पुढे 12 टक्क्यांपर्यंत कपात आणि त्यावर नकार. उलट दुपारी उन्हानं पाला इतका कडक होतो की हात लागताच चुरा होऊन कापसाला चिकटतो. दव सुकलं आहे पण पाला अजून मऊ आहे, अशा मधल्या वेळेत सर्वांत स्वच्छ वेचणी होते. ही वेळ थोडीच टिकते. कमरेला ओटी बांधलेल्या बायांचे हात त्या वेळी बघावेत. बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखाच्या कडा सोललेल्या असतात, थंडीनं त्या आणखी उलतात, आणि तरी पाकळीचा कण न येऊ देता चारही कप्पे एका झटक्यात मोकळे होतात. मजुरी किलोवर असते, त्यामुळे घाईही त्यांचीच आणि स्वच्छतेची जबाबदारीही त्यांचीच.

वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून घराशी रचतात. घरोघरी पाणी तापतं ते त्यांच्यावर. बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा, नवी मेथी, चंपाषष्ठीला भरीत, असं घर या दिवसांत चुलीभोवती गोळा होतं. एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगायची आहे. बाळंतिणीच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत घमेल्यात निखारे ठेवून दार-खिडकी लावून घेऊ नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही.

धुराची कथा शहरातही आहे. थंडीच्या रात्री जमिनीलगत गार हवा आणि वर तुलनेनं उबदार थर, अशी उलटी रचना होते आणि धूर वर न जाता खालीच पसरतो. लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांचं जालना राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. दम्याच्या माणसानं तरी पहाटेचं फिरणं ऊन पडल्यावर करावं.

आता रस्ता. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जालन्याच्या शिवारातून ताशी 120 किलोमीटरनं गाड्या जाऊ लागल्या. म्हणजे सेकंदाला 33 मीटर. धुईत पुढचं 50 मीटर दिसत असेल तर हा वेग म्हणजे डोळे मिटून चालवणंच. पण समृद्धीवर ट्रॅक्टर नाही, दुचाकी नाही. जिल्ह्याची खरी पहाट अंबड, घनसावंगी, परतूरच्या साध्या रस्त्यांवर असते. एमआयडीसीच्या पहिल्या पाळीला निघालेला कामगार, दूधवाला, क्लासला जाणारी मुलं, सगळे दुचाकीवर. हवा 12 अंशांची असली तरी ताशी 50 किलोमीटरच्या वेगात अंगाला ती 8 अंशांसारखी लागते. बोटं बधिर होतात आणि ब्रेक दाबायला उशीर होतो. छातीशी वर्तमानपत्र सगळेच घालतात, हातमोजे मात्र फार थोडे.

याच रस्त्यांवर उसाची वाहनं असतात. दसरा-दिवाळी उरकली की मंठा, परतूर, अंबड, घनसावंगीच्या गावांतून आणि तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरं सोबत जातात, नाहीतर आजीजवळ किंवा शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहतात. इकडे अंबड तालुक्यात अंकुशनगरच्या समर्थ कारखान्याकडे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात, मागे दोन ट्रॉल्या आणि ट्रॉलीबाहेर आलेला ऊस. मागच्या ट्रॉलीला ना दिवा, ना परावर्तक पट्टी. साध्या रस्त्यावर ताशी 60 नं येणारी दुचाकी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर कापते. खाली केलेल्या दिव्याचा उजेड 30-40 मीटर पडतो. ट्रॉली दिसल्यावर हातात उरतात जेमतेम दोन सेकंद, आणि धुई असेल तर तेही नाहीत. परावर्तक पट्टीवर समोरच्या दिव्याचा उजेड पडून परत येतो, त्यामुळे ती कितीतरी लांबून दिसते. किंमत म्हणाल तर उसाच्या एका खेपेपुढे किरकोळ. गाळप सुरू होताना परिवहन विभाग काही ठिकाणी पट्ट्या लावून देतो, पण धूळ आणि चिखल बसून महिनाभरात त्या झाकल्या जातात. काट्यावर वजन करताना प्रत्येक ट्रॉलीची पट्टी ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची आणि ती नसेल तर खेप उतरवून घ्यायची नाही, एवढा नियम कारखान्यांनी स्वतःहून करावा. काटा तिथं आहेच, माणूसही आहे, फक्त फडकं ठेवायचं आहे.